600 युनिटांच्या घराचं बिल: टीओडी मीटर, वाडीचा पंप आणि सोलर वापरल्यानंतर

रत्नागिरी-सिंधुदुर्गात घराला वीज देणारी कंपनी एकच, महावितरण. मोबाइलच्या सिमसारखं पोर्ट करून स्वस्त दर मिळत नाही. आपल्या हातात एवढंच, की महिन्याची शेवटची युनिटं दराच्या कुठल्या टप्प्यात पडतात. सोलर वर्षभर, टीओडी मीटर (दिवसाच्या वेळेप्रमाणे दर लावणारा) सहा महिने आणि वाडीचा वेगळा पंप एक हंगाम वापरून झाल्यावर याच कसोटीवर तिघांकडे बघितलं आहे.

आधी टप्पे. 2024-25 च्या दरपत्रकात पहिल्या 100 युनिटांना 4.71 रुपये, 101 ते 300 ला 10.29, 301 ते 500 ला 14.55 आणि त्यापुढे 16.64. वर युनिटमागे वहन आकार (वीज तारांतून पोचवण्याचा) 1.17, सिंगल फेजला स्थिर आकार 128 आणि सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. दर बदलत राहतात, पायऱ्या मात्र तशाच. इंधन समायोजन, म्हणजे इंधनखर्चाप्रमाणे बदलणारा आकार, बाजूला ठेवलं तरी या दराने 600 युनिटांचं बिल 9,200 होतं आणि 300 युनिटांचं 3,490. पहिलं युनिट 6.82 ला पडतं, सहाशेवं 20.66 ला. म्हणून झीरो बिलाच्या मागे लागण्यापेक्षा तीनशेच्या वरचं कापायचं.

टीओडी मीटरची फार हवा झाली. जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 मधल्या वापरावर सुरुवातीला युनिटला 80 पैसे सवलत सुरू झाली. वॉशिंग मशीन, इस्त्री, टाकी भरणं असं सगळं दिवसा ढकललं आणि 250 युनिटं त्या वेळेत बसवली, तरी हातात येतात 200 रुपये आणि त्यावरचं शुल्क. टप्पा एकानेही खाली येत नाही. आणि मे महिन्यातला रात्रीचा एसी दिवसा कसा लावणार? मीटर फुकट बसतो, बसवून घ्यावा, पण खरा फायदा वेगळा आहे. रीडिंग मीटर स्वतःच पाठवतो, त्यामुळे घराला कुलूप म्हणून सरासरी बिल आणि मग तीन महिन्यांचं एकदम, हा प्रकार थांबतो. जुन्या मीटरवर असं एकत्र बिल आलंच, तर टप्पे तितक्या महिन्यांनी गुणले आहेत का, ते तपासावं.

मोठा फरक पंपाने पडला. नारळ-पोफळीचं शिंपणं घरच्याच मीटरवर चालणं हे आपल्याकडे सर्रास. दीड एचपीची मोटर तासाला साधारण 1.4 युनिट खाते. रोज तीन तास चालली तर महिन्याला 126 युनिटं, आणि 600 च्या घरात ती सगळ्यात महागड्या टप्प्यांतून जातात. वरच्याच दराने ते 2,540 रुपये होतात. शेतीला वीजजोडणी नसेल तर ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अर्ज करता येतो. लाभार्थी हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के. अडीच एकरापर्यंत 3 एचपीचा पंप मिळतो. घोडं अडतं ते सामाईक सातबाऱ्यावर. सहहिस्सेदारांची ना हरकत लागते आणि त्यातले निम्मे डोंबिवली-विरारला. सह्या गणपतीत गावी आले की घ्याव्यात, शिमग्यापर्यंत थांबू नये. विहिरीची नोंद सातबाऱ्यावर आहे का, तेही आधीच बघावं.

सोलरचा खर्च ठरवण्याआधी गळती शोधा. घरातले सगळे एमसीबी (बोर्डातले छोटे ब्रेकर) पाडा, मेन चालू ठेवा. मीटरवरचा पल्सचा, म्हणजे वापर दाखवणारा, लाल दिवा लुकलुकता कामा नये. मग एकेक एमसीबी वर करत जा, उपकरणं बंदच ठेवून. दिवा ज्याच्यावर सुरू होईल तिथे दोष. क्लॅम्प मीटर असेल तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र त्यात धरा. आकडा शून्याजवळ हवा, 30 मिलिअँपिअरच्या वर गेला तर वायरमनला बोलवा. आपल्या खाऱ्या, दमट हवेत बहुतेक वेळा विहिरीतल्या केबलचा जोड नाहीतर गिझरची कॉइल निघते. मीटर फेज आणि न्यूट्रलपैकी जास्त करंटवर मोजतो, त्यामुळे जमिनीत जाणारी वीजही बिलात येते.

सोलर चांगलंच, पण कोकणात हिशोब वेगळा. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत 2 किलोवॅटला 60,000 आणि 3 किलोवॅटला 78,000 अनुदान आहे. उघडिपीत किलोवॅटमागे दिवसाला 4 युनिटं धरा, पावसाळ्यात मात्र फार तर निम्मी. खरी गोम 31 मार्चची. दिवाळीपासून महावितरणच्या लाइनला दिलेली आणि खात्यात साठलेली जादा युनिटं त्या दिवशी किरकोळ दराने निकाली निघतात आणि लगेच एप्रिल-मे चा एसी सुरू होतो. त्यामुळे 600 च्या घराला 2 किलोवॅट पुरे वाटतं. महिन्याला 240 युनिटं वरच्या टोकाकडून कापली जातात आणि साठून वाया फारसं जात नाही.

निसर्ग आणि तौक्ते चक्रीवादळांनंतर पॅनेलच्या स्ट्रक्चरवर पैसे वाचवणं वेडेपणा. हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेला) अँगलच घ्या, वेल्डिंग करून वर रंग मारलेला नको, दोन पावसाळ्यांत जोडापासून गंजतो. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, एसएस 316 चे. जांभ्यात अर्थिंग नीट लागत नाही, खड्डा खोल घेऊन अर्थिंगचा रोध ओममध्ये मोजून दाखवायला सांगा. लाइट गेली की ऑनग्रिड (महावितरणच्या लाइनला जोडलेलं) सोलरही बंद पडतं, हे इन्स्टॉलर आधी सांगत नाहीत.

एका घराला दोन मीटर घेऊन टप्पे वाटून घ्यायची शक्कल भावाभावांत खरंच चूल वेगळी असेल, वेगळं दार आणि घरपट्टीचा स्वतंत्र उतारा असेल, तरच करा. आणि घरच्या दोन खोल्या पर्यटकांना देत असाल तर घरगुती दर महिन्याला 300 आणि वर्षाला 3,600 युनिटांपर्यंतच टिकतो.