केएफएल०८ ब्लॉक : आठ महिने वापरले, त्या ग्रब स्क्रूने जीव खाल्ला

आमच्या ८ किलोच्या बॉटला, म्हणजे लढाईच्या रोबोटला, चाकांचे ॲक्सल धरायला हेच बेअरिंगचे ब्लॉक आहेत, चार चाकं आणि दर ॲक्सलला दोन, म्हणजे आठ नग. ८ एमएम बोअर, झिंकची बॉडी, बोल्टला दोन कान, हे सगळ्यांना माहितीच आहे. मला बोलायचंय ते ग्रब स्क्रूवर, म्हणजे ब्लॉकमध्ये ॲक्सल दाबून धरणाऱ्या, डोकं नसलेल्या छोट्या स्क्रूवर.

परवा सेमीफायनलला समोरच्याने एक धडक दिली आणि आमचं मागचं डावं चाक ॲक्सलसकट बाहेर सरकलं. मोटर आणि ॲक्सल जोडणारा कपलर सुटला, मोटर नुसती फिरतेय, बॉट एका जागी गिरक्या घेतोय आणि पोरं हसतायत. पिटमध्ये खोललं तर दोन्ही ग्रब स्क्रू ढिले, आणि गंमत म्हणजे त्यांनीच ॲक्सलवर खड्डा पाडून कड उठवलेली, त्यामुळे मॅचमध्ये सटासट सरकणारा ॲक्सल आता ब्लॉकमधून बाहेर निघेना, शेवटी कानस मारून काढला. दुकानात नेलं तर काका म्हणतात, "घट्ट केलं नसेल बेटा, वापरलेला माल परत नाही." अहो, दर मॅचआधी ॲलन की घेऊन मीच बसतो, ज्युनिअरांना हात लावू देत नाही!

एक मात्र मानलं, लेझर कटवाल्याने भोकं जवळजवळ एक एमएम इकडेतिकडे केली होती तरी ॲक्सल बोटाने फिरायचा, कारण आतलं बेअरिंग हाउसिंगमध्ये थोडी मान वळवतं. कान मात्र कच्चे, आठातले दोन तडकले.

हे इथवर लिहून रूमवर पुन्हा सगळं खोललं आणि आता थोडं गिळावं लागतंय. गिअरबॉक्सचं स्वतःचं बेअरिंग, कडक कपलर आणि पुढे दोन ब्लॉक, म्हणजे एका दांड्याला तीन आधार. ते कधीच एका रेषेत येत नाहीत, मग ॲक्सल दर फेरीला किंचित वाकतो आणि स्क्रू हळूहळू सुटतात. मोटर उगाच गरम का व्हायची तेही कळलं. थोडं लवचिक असणारं जॉ कपलिंग घ्यायला हवं होतं, पण चार घ्यायचे पैसे कोण देणार, म्हणून आतले चार ब्लॉकच काढले. किचनच्या काट्यावर एक साधारण ५० ग्रॅमचा, म्हणजे २०० ग्रॅम फुकटात वाचले. गिअरबॉक्सवर भार वाढला, माहितीये. उरलेल्या चारला ॲक्सलवर स्क्रू टेकायला कानसीने सपाट जागा काढली आणि निळं लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) लावलं, तेव्हापासून सरकलेला नाही.

तरी राग गेला नाही म्हणून एका कोपऱ्यात भावाच्या जुन्या स्केटमधलं ६०८ बेअरिंग बसवलंय, १२ ग्रॅम, ग्रब स्क्रूची भानगडच नाही, ॲक्सलला दोन्हीकडून सर्कलिप, म्हणजे खाचेत बसणारी स्प्रिंगची रिंग. प्लेटला २२ एमएमचा खिसा आणि वरून झाकण लागतं. पहिल्यांदा मोठा वॉशर लावला तर तो बाहेरच्या रिंगला घासून चाक जाम, मग पितळी नळीचा तुकडा कापून फक्त आतल्या रिंगला टेकवला. तीन प्रॅक्टिस झाल्या, अजून खडखड नाही. उरलेल्या तीन कोपऱ्यांसाठी भावाचा दुसरा स्केट मागितलाय, तो देत नाहीये.