झोपताना गरम दूध: सात महिन्यांचा हिशोब, काट्यासकट

ऑगस्टात चालू केलं, आता मार्च संपायलाय म्हणून लिहायलो. आपलं उदगीरला मोबाईल रिपेरिंगचं दुकान, शटर ओढेपर्यंत साडेनऊ, जेवण दहाला, अन् अकरा वाजले की परत भूक, मग फरसाणाचा डबा, मूठभर म्हणता म्हणता तळ दिसतोय. वजन ८४. कुणीतरी म्हणलं झोपताना गरम दूध घेत जा, झोप बी लागती अन् वजन बी उतरतं.

पहिले दोन महिने रतीबाचं म्हशीचं दूध, मोठा गिलास काठोकाठ, दोन चमचे साखर, वर मायनं हौसेनं टाकलेली साय. साय काढू नको म्हणलं तर खूश, काढ म्हणलं तर "मग पाणीच पी की". झोप एकदम झकास. दिवाळीच्या आधी मोंढ्यात आडतीवर सोयाबीन घालायला गेलो, कट्टे मोजून झाल्यावर उगं मी बी काट्यावर चढलो तर ८६! हमाल हसायले, म्हणले मालक, मालात ओल जास्त हाय.

घरी येऊन हिशोब मांडला. म्हशीच्या दुधात फॅट ६ ते ७ टक्के, पाव लिटरमागं अडीचशेच्या आसपास कॅलरी, साखरेच्या ४० धरा, म्हणजे रोज ३०० च्या घरात. अन् फरसाण काय सुटलं नव्हतं, दूध त्याच्यावरनं चाललं होतं! एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरी, ६० दिवसाच्या झाल्या १८०००, भागून बघा, दोन किलोच्या वरच येतंय. काट्याची काही चूक नव्हती बिचाऱ्याची.

दिवाळीनंतर बदललं. देवणी गाईचं दूध बघितलं, देवणी तालुकाच शेजारी हाय तर मिळंल म्हणलं, पण रोजचं काय जमलं नाही, मग टोन्ड दुधाची पिशवी, ३ टक्के फॅटवाली. दीडशे मिली, साखर बंद, चिमूटभर हळद. नव्वदच्या आसपास कॅलरीत काम झालं. दुधातलं केसिन नावाचं प्रथिन हळू पचतं त्यामुळं पोट शांत राहतंय, अकराला हात डब्याकडं जात नाही. तसा डबाच दुकानात नेऊन ठेवला, कामावरची पोरं संपवतेत. परवा त्याच काट्यावर ८२.५. खरं सांगायचं तर वजन उतरवलं ते फरसाण सुटल्यानं, दुधानं फक्त जागा अडवून धरली. दोन्ही चालू ठेवणाऱ्याला वरचा आकडा वाचा म्हणावं.

पिऊन लगेच आडवं होऊ नका, मला पहिले पंधरा दिवस छातीत जळजळ व्हायची, आता साडेदहाला पितो अन् साडेअकराला झोपतो. दात घासायचं विसरू नका. घरवालीला दूध सोसतच नाही, पोट फुगतं, लॅक्टोजचं, म्हणजे दुधातल्या साखरेचं असणार, तिला दही चालतं पण दूध नाही, तर तिला आग्रह करणं मी सोडलं.

झोपेचं म्हणाल तर लागती चांगली, पण पिताना मी मोबाईल चार्जिंगला लावून बाजूच्या खोलीत ठेवतो, त्यामुळं श्रेय कुणाला द्यावं कळंना.

आता उन्हाळा लागायलाय, रात्री दहाला बी भिंती तापलेल्या, त्यात गरम दूध घशाखाली उतरतंय का बघू. माय म्हणायली ताक कर, जिरं-मीठ टाकून. फरसाण सोडून काय बी चालंल मला.