चार्जर लावला की लॅपटॉप आडवा: जुन्या आय-फाइव्हवर लिनक्स मिंट, काही महिने वापरल्यानंतर

लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट सिस्टिम) हळू चालतं अशी तक्रार करायची असेल, तर आधी चार्जर काढून बघा. गंमत नाही करत. हा अख्खा रिव्ह्यू चार्जरच्या तोंडातल्या सुईएवढ्या पिनेबद्दल आहे. स्क्रीन, कीबोर्ड, वजन ही माहिती बाकीच्यांनी भरपूर लिहून ठेवली आहे.

लॅपटॉप बिझनेस सीरीजचा, आय-फाइव्ह ७२००यू, ८ जीबी रॅम, एसएसडी. कंपनीचं नाव लिहीत नाही, दुकानाचंही नाही. घेतला सेकंडहँड. विंडोज ११ सातव्या पिढीच्या या प्रोसेसरला अधिकृतपणे घेत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून लोक अशी मशीनं विकायला काढत होते. ज्याला विंडोज नकोच त्याला आणखी काय हवं? मिंट २२ ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली. वायफाय, प्रिंटर, मराठी कीबोर्ड, सगळं त्याच संध्याकाळी चालू. माझं काम पंचवटीतल्या छोट्या व्यापाऱ्यांच्या हिशेबाचं. कॅल्क या एक्सेलसारख्या प्रोग्रॅममधल्या लांबलचक शीट आणि ब्राउझरमध्ये जीएसटी पोर्टल, बस. पैसे वसूल, असंच वाटत होतं.

उन्हाळा लागला आणि लॅपटॉप रांगायला लागला. कधी दिवसभर ठीक, कधी सकाळपासूनच टाइप केलेलं अक्षर मागून उमटायचं. २० तारखेला ३बी हा जीएसटीचा रिटर्न भरताना ओटीपीची खिडकी उघडेपर्यंत पोर्टल बाहेर काढायचं. क्लायंट समोर बसलेला, "साहेब, नवीन घ्या ना आता." फी वाढवून मागितली की हेच गृहस्थ पुढच्या महिन्यात बोलू म्हणतात.

पहिला संशय उन्हाळ्यावर. नाशकात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, त्यात सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते उकरलेले, धूळ घरात. पंखा साफ करून घेतला, थर्मल पेस्ट बदलली. फरक शून्य. मग टर्मिनल उघडून टर्बोस्टॅट हे प्रोसेसरचा वेग आणि तापमान दाखवणारं टूल चालवलं. तापमान ४५ अंशांच्या आसपास. हा प्रोसेसर १०० अंशांपर्यंत सहन करतो, म्हणजे गरम होण्याचा प्रश्नच नव्हता. आणि वेग? चारही थ्रेडसमोर ४०० मेगाहर्ट्झ. गिगाहर्ट्झमध्ये ०.४. जो ३.१ पर्यंत पळायला हवा तो.

इथे नेटवरचा ठरलेला सल्ला असतो की गव्हर्नर (वेग कसा ठेवायचा ती सेटिंग) 'पॉवरसेव्ह' दिसतोय तो 'परफॉर्मन्स' करा. करून पाहा, काही होत नाही. वेग सांभाळणाऱ्या इंटेलच्या पीस्टेट ड्रायव्हरमध्ये पॉवरसेव्ह म्हणजे वेग कायमचा तळाला बांधलेला नसतो, कामाप्रमाणे तो वर-खाली होतच असतो. सीपीयूपॉवर या कमांडने कमाल मर्यादा तपासली तर तिथेही व्यवस्थित ३.१ लिहिलेलं. वीज वाचवणारं टीएलपी काढलं, तापमान सांभाळणारं थर्मल्ड बंद केलं. तरी ४००. लिनक्स म्हणतंय पळ, प्रोसेसर जागचा हलत नाही.

उत्तर मिळालं लाईट गेल्यावर. शनिवारी दुपारी लाईट गेली आणि लॅपटॉप एकदम सुटला! शीट उघडली झटक्यात, आकडा २.९, ३.०. लाईट आली, पुन्हा ४००. मी हाताने चार्जर काढ-घाल करून बघत बसलो, दर वेळी तेच.

कारण असं आहे. या चार्जरच्या मधली बारीक पिन वीज देण्यासाठी नसते. चार्जरमधली चिप तिच्यावरून लॅपटॉपला सांगते की मी इतक्या वॉटचा. ही ओळख पटली नाही तर लॅपटॉप दोन गोष्टी करतो: बॅटरी चार्ज करणं थांबवतो आणि प्रोसेसरला 'प्रोचॉट' नावाचा इशारा देतो. हा इशारा मुळात 'गरम झालोय' असं सांगणारा. पण इंटेलने तो दुतर्फा ठेवलाय, त्यामुळे मदरबोर्डही बाहेरून प्रोसेसरचा गळा आवळू शकतो. यात लिनक्सचा काडीचा संबंध नाही. विंडोजवाले याच दुखण्यासाठी थ्रॉटलस्टॉप नावाच्या प्रोग्रॅममध्ये बीडी प्रोचॉटची, म्हणजे बाहेरून येणाऱ्या याच इशाऱ्याची, टिक काढतात.

लिनक्सवर तेच काम एमएसआर-टूल्स या कमांडींनी होतं. प्रोसेसरमधल्या १एफसी या रजिस्टरचा (सेटिंगच्या कप्प्याचा) शून्य क्रमांकाचा बिट शून्य करायचा. रजिस्टरची आधीची किंमत वाचून घ्या आणि तेवढा एकच बिट बदला, दुसऱ्या कुणाचा आकडा जसाच्या तसा चिकटवू नका. सिक्युअर बूट (फक्त सही असलेली सिस्टिम चालू देणारी सुरक्षा) चालू असेल तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, हे लिहू देत नाही; बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन ते बंद करावं लागतं. रीबूट केलं की बिट पुन्हा जागेवर, म्हणून मशीन चालू होताच हीच कमांड आपोआप चालवणारी सिस्टमडीची छोटी सर्व्हिस बनवली. एका ओळीने लॅपटॉप परत मिळाला, खर्च शून्य. त्या रात्री मी मिंटला दहापैकी दहा दिले असते.

इथपर्यंत मागच्या महिन्यात लिहून ठेवलं होतं आणि पुढे "सर्व्हिस टाका आणि विसरा" असं लिहिणार होतो. आता तसं लिहीत नाही. वेग आला, पण बॅटरी चार्ज होईना, कारण त्या इशाऱ्याशी बॅटरीचं देणंघेणं नाही. शिवाय प्रोसेसर स्वतः तापला तर अजूनही स्वतःला आवरतो, पण चार्जरवर खरोखर ताण आला तर बोर्डाचं ओरडणं आता त्याला ऐकूच जाणार नाही. ही सर्व्हिस म्हणजे दुकान गाठेपर्यंतचा जुगाड.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवरच निकाल: "मदरबोर्ड बदलावा लागेल." आकडा लॅपटॉपच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त. वर "लिनक्स आहे ना, म्हणून होतं." मी उठलो. एमजी रोडच्या एका गाळ्यातल्या पोराने दुसरा ओरिजिनल चार्जर लावून पाहिला. तरी ४००. म्हणाला, "काका, चार्जर ओके आहे, जॅक गेलाय." खालचं झाकण उघडलं. जॅकपासून बोर्डाकडे जाणाऱ्या वायरींपैकी मधल्या पिनेची बारीक वायर मुळाशी तुटून नुसती टेकलेली. म्हणूनच कधी चालायचं, कधी नाही. या मॉडेलमध्ये जॅक सोल्डर केलेला नसतो, वायरसकट काढून नवा बसवता येतो. मजुरीसकट साडेचारशे रुपये. "विंडोज मारून देऊ का सोबत?" नको रे बाबा.

सर्व्हिस काढून टाकली, सिक्युअर बूट पुन्हा चालू केलं. बॅटरी चार्ज होते, वेग पूर्ण.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. चार्जर ओळखला नाही तर हे मॉडेल चालू होतानाच स्क्रीनवर सूचना देतं. मला ती एकदाही दिसली नव्हती. सिक्युअर बूटसाठी बायोसमध्ये गेलो तेव्हा कारण सापडलं: अडॅप्टर वॉर्निंगची टिक काढलेली होती. ती टिक आपोआप जात नाही. माझा संशय असा की विकणाऱ्याला जॅकचं दुखणं माहीत होतं आणि त्याने तोंडावर पट्टी मारून माल माझ्या गळ्यात घातला.

मिंटला पूर्ण गुण, लॅपटॉपला साडेतीन तारे, दुकानदाराला तारे देण्याची सोय नाही. अशा मधल्या पिनेचा चार्जर असलेलं मशीन सेकंडहँड घेत असाल तर काउंटरवरच बायोसमध्ये जा (माझ्या मॉडेलला एफ२ दाबून), अडॅप्टर वॉर्निंगची सोय असेल तर तिची टिक आहे का बघा आणि चार्जर किती वॉटचा दाखवतोय तेही वाचा. तिथे 'अननोन' दिसलं तर साडेचारशे रुपये भावातून कापून घ्या.