काळ्या रंगाखालचा पत्रा

जुन्या पोर्शे ९१४ चं पत्र्याचं काम कुणाला देणार असाल, तर आधी हे वाचा. यात माझे ४,८०० डॉलर आणि एक अख्खा उन्हाळा गेला. गॅरेजचं नाव मी लिहू शकत नाही. त्याचं कारण मी सही केलेला एक कागद आहे, त्याबद्दल पुढे सांगतो.

मी सॅन होजेला राहतो. गाडी १९७४ ची, १.८ लिटरची, पिवळी. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या गाड्यांना स्मॉग चाचणी, म्हणजे धुराची तपासणी, लागत नाही, त्यामुळे इथे अशा गाड्या अजून रस्त्यावर दिसतात आणि त्यांच्यावर चालणारी छोटी गॅरेजंही आहेत. फोक्सवागन आणि पोर्शेने मिळून काढलेली ही गाडी १९६९ ते १९७६ एवढीच बनली. इंजिन सीटच्या मागे, गाडीच्या पोटात असतं. त्याला पाणी नाही, रेडिएटर नाही, ते हवेवरच थंड होतं.

म्हणूनच इंजिनाभोवतीच्या पातळ पत्र्यांना एवढं महत्त्व आहे. बघणाऱ्याला ती नुसती झाकणं वाटतात. वर गार हवा आणि खाली एक्झॉस्टची धग, या दोहोंमधला पडदा म्हणजे हे पत्रे. पंखा वरची गार हवा ओढतो आणि सिलिंडरांवरून खाली सोडतो. पत्र्याची कड आणि बॉडी यांच्यामधली फट रबरी पट्टीने बंद होते. पत्रा सैल झाला, रबर गेलं, की खालची तापलेली हवा वर चढते आणि पंखा तीच पुन्हा ओढतो. तसंच चालवत राहिलं तर हेडमधली, म्हणजे सिलिंडरच्या डोक्यावरच्या भागातली, व्हॉल्व्हची सीट (व्हॉल्व्ह जिच्यावर टेकतो ती कडी) सुटून खाली पडते. या इंजिनाचं हे जुनं दुखणं आहे, आणि एकदा ते झालं की खर्च इंजिनाचाच.

माझ्या गाडीत उजव्या कानामागे खडखड सुरू झाली. इंजिनाचं झाकण उघडून हात लावला, तर उजवीकडचा पत्रा हलत होता. स्क्रू होते, पण ते ज्यात धरायचे ती कडच गंजाने खाल्ली होती. ९१४ ची बॅटरी इंजिनाच्या खणात उजव्या बाजूलाच असते. वर्षानुवर्षं तिचं अ‍ॅसिड खाली गळतं, आधी बॅटरीखालचा ट्रे खातं, मग त्याखालची उजवी लांब पेटी. गाडीचं सगळं वजन तोलणारा तो कणाच. इथले लोक त्या कोपऱ्याला नरकाचं भोक म्हणतात. हे मला वाचून माहीत होतं, आणि तरीही मी फसलो.

गॅरेजवाला बोलायला फार गोड. माझ्यासमोर गाडीखाली वाकला, टॉर्च मारला आणि म्हणाला, "इंजिन खाली घ्यावं लागेल. सडलेलं सगळं कापू, नवीन पत्रा वेल्ड करू, नवं रबर टाकू. काळजीच सोडा." हे तोंडी. कागदावर त्याने एकच ओळ लिहिली: इंजिनाच्या खणातील पत्र्याची दुरुस्ती, ४,८०० डॉलर. मी सही केली. कुठला पत्रा, किती, वेल्डिंग की आणखी काही, यातलं एक अक्षरही त्यावर नव्हतं. जुने सुटे भाग परत हवेत, हे काम देतानाच सांगितलं तर इथल्या कायद्याने ते परत द्यावे लागतात. मी तेही सांगितलं नाही.

अडीच महिने गाडी तिथेच. विचारलं की फोटो यायचे. वेल्डिंगचे टाके, राखाडी प्रायमर, सगळं नीटनेटकं. एका फोटोच्या कोपऱ्यात बॉडीचा रंग नारिंगी दिसतो. माझी गाडी पिवळी आहे. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा पैसे देऊन दोन महिने झाले होते.

गाडी परत आली तेव्हा खडखड बंद होती. खण आतून काळाकुळकुळीत, जाड डांबरी थर दिलेला. मला समाधान वाटलं, त्या दिवशी मी त्याचे मनापासून आभार मानले.

ऑगस्टमध्ये लॉस बॅनोसहून परत येताना पाचेको खिंडीच्या चढावर हेडच्या तापमानाचा काटा चढायला लागला. हा काटा मी आधीच बसवून घेतला होता. एरवी तो ३५० फॅरनहाइटच्या आसपास असतो. त्या दिवशी ४३० च्या पुढे गेला. मी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि तासभर उन्हात बसून राहिलो. इंजिन वाचलं ते त्या काट्यामुळे.

त्या रात्री घरच्या गॅरेजमध्ये दिवे मालवले, गाडीखाली टॉर्च पेटवून ठेवला आणि वरून झाकण उघडून पाहिलं. उजव्या कडेने बोटभर रुंद उजेडाची रेघ दिसत होती, मागपर्यंत. तिथे रबर नव्हतंच. काळा फोम कोंबून वर सिलिकॉन फासलेलं, आणि उष्णतेने ते आक्रसून सुटलेलं. मग मी बॅटरीखालचा काळा थर खरवडला. खाली रिव्हेटची चपटी डोकी दिसली, एका ओळीत सात. लोहचुंबक लावला, चिकटेना. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा होता. त्याची कड उचकटून आत स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. जोर लावावाच लागला नाही. बाहेर ओढला तेव्हा ओल्या तपकिरी गंजाचे पापुद्रे हातावर पडले.

म्हणजे काहीही कापलं नव्हतं. सडक्या पोलादावर अ‍ॅल्युमिनियम ठोकून वरून डांबर फासलं होतं. ओल असली की पोलादाला लागलेलं अ‍ॅल्युमिनियम आणखी लवकर खराब होतं, आणि त्या थराखाली ओल कोंडूनच राहते. न केलेलं काम परवडलं असतं.

दुसऱ्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गाडी नेली. त्याने लिफ्टवर चढवून आधी इंजिन धरून ठेवणारे बोल्ट दाखवले. त्यांच्या डोक्यांवर तेल आणि मातीची जुनी खपली जशीच्या तशी होती, पान्याचा एक ओरखडाही नाही. इंजिन खाली उतरलंच नव्हतं. मग गाडी परत जमिनीवर घेतली. वरचं छत काढून उजव्या बाजूला जॅक लावला आणि मला दाराच्या फटीकडे बघायला सांगितलं. जॅक चढत गेला तशी वरची फट मिटत गेली आणि दार अडकलं. पेटी इतकी सडली होती की गाडी मधून वाकत होती. माझी मुलगी याच गाडीत माझ्या शेजारी बसते. तिथे उभ्या उभ्या मला घाम फुटला.

मी राज्याच्या ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरकडे तक्रार केली. त्यांच्या माणसाने गॅरेजवाल्याशी बोलणं केलं. पण माझ्या कागदावर "पत्र्याची दुरुस्ती" एवढंच होतं, आणि पत्रा तर त्याने ठोकला होता. शेवटी त्याने १,५०० डॉलर देऊ केले, अट एवढीच की पुढे दावा नाही आणि नाव कुठे घ्यायचं नाही. मी थकलो होतो. सही केली. ती करायला नको होती. इथल्या स्मॉल क्लेम्स कोर्टात, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, वकील लागत नाही, एका माणसाला १२,५०० डॉलरपर्यंत दावा करता येतो, आणि माझ्याकडे बोल्टचे फोटो, नारिंगी गाडीचा फोटो, दुसऱ्या मेकॅनिकचं लेखी मत, सगळं होतं. तुमच्यावर अशी वेळ आली तर मांडवलीच्या कागदावर सही करण्याआधी निदान चार दिवस थांबा.

आणि काम देताना दोन गोष्टी लिहूनच घ्या: कापलेला पत्रा मला परत हवा, आणि वेल्डिंग झाल्यावर काळा थर देण्याआधी मी येऊन बघणार. चांगला माणूस याला नाही म्हणत नाही. या म्हाताऱ्याने तर स्वतःच सांगितलं, "रंगाआधी येऊन बघून जा, नंतर माझ्यावरच विश्वास ठेवावा लागेल."

परवा गेलो होतो. इंजिन खाली ट्रॉलीवर, उजवी पेटी उघडी, आत कापून नवं पोलाद घातलेलं, प्रत्येक टाका उघडा दिसणारा. गाडी मधून वाकू नये म्हणून दाराच्या चौकटीत आडवी सळई वेल्ड करून ठेवली आहे. कापलेला जुना पत्रा त्याने पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून दिला, त्याला सातही रिव्हेट अजून तसेच चिकटलेले आहेत. शनिवारी ती सळई काढणार आहेत. दार लागतं का, ते तेव्हा कळेल.