बँकेतली चिल्लरची पाकिटं अन् एक चुंबक: नागपुरातल्या नवख्याचा तीन महिन्यांचा रिव्ह्यू

पहिलेच सांगून टाकतो, हा रिव्ह्यू कोण्या दुकानाचा नाही, बँकेच्या काउंटरवर चिल्लरची जी पाकिटं मिळतात ना त्यांचा आहे. तीन महिन्यांपासून मी दर आठवड्याला पाकिटं आणून राहिलो, रात्री जेवणं झाली की टेबलावर पेपर अंथरायचा, पाकीट ओतायचं आणि एकेक नाणं पाहायचं, सोबत माझी नऊ वर्षांची पोरगी, कारण तिचे डोळे माझ्यापेक्षा तेज आहेत आणि सालाखालची बारीक खूण तिला बिना भिंगाची दिसते. नाण्यांचा नाद ज्याला नव्यानं लागला त्याच्यासाठी याच्यापेक्षा चांगली आणि स्वस्त शाळा नाही, हे माझं ठाम मत झालं आहे. स्वस्त म्हणजे काय, तर हजार रुपये देऊन हजार रुपयांची नाणी आणली, त्यातली दोन रुपयाची वीस ठेवून घेतली तर खर्च फक्त चाळीस रुपये, बाकीचे पैसे पैसेच राहतात. पाच स्टारपैकी माझे चार. एक कुठं कापला ते पुढं लिहितो.

बँकेच्या चिल्लरमध्ये नाणी शोधायचे व्हिडिओ पाहून सुरुवात करणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. ते व्हिडिओ बहुतेक अमेरिकेचे असतात. तिकडं बँकेत कागदात गुंडाळलेले रोल मिळतात, क्वार्टरच्या म्हणजे पाव डॉलरच्या एका रोलमध्ये चाळीस नाणी, आणि 1964 पर्यंतचे डाइम (दहा सेंट), क्वार्टर, हाफ डॉलर 90 टक्के चांदीचे होते म्हणून तिथल्या लोकांना अजूनही कधीमधी चांदी सापडते. आपल्याकडं रोल नाही, प्लास्टिकची पाकिटं असतात, शंभर-शंभर नाण्यांची. आणि चांदी विसरा. 1947 चा रुपयाच निकेलचा होता, चांदी त्याच्याआधीच गेली. चार आणे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनातून बंद आहेत म्हणून ती पाकिटात येतच नाहीत. पन्नास पैसे अजून कायद्यानं चालतात पण मला तीन महिन्यांत एकही दिसला नाही. म्हणजे तुमच्यासमोर एक, दोन, पाच, दहा आणि वीस, एवढाच खेळ, पण त्या एवढ्याशा खेळात किती भरलंय हे पाहायला बसल्याशिवाय नाही समजत.

आता पाकिटं मिळवायची कशी. पहिल्या शाखेत मला सरळ नाही म्हटलं, चिल्लर फक्त दुकानदारांना देतो, तुमचं करंट अकाउंट आहे का वगैरे. शाखेचं नाव लिहीत नाही, त्या दिवशी गर्दीही खूप होती, पेन्शनवाले आजी-आजोबा लाइनीत ताटकळत होते आणि मी मध्येच चिल्लर मागून राहिलो होतो, चूक माझीही होती. दुसऱ्या शाखेत, घरापासून पाच मिनिटांवर, कॅशियर मॅडमनी विचारलं की कशाला पाहिजे, मी खरं सांगितलं की नाणी जमवतो, जुनी शोधतो, तर त्या म्हणाल्या, “भाऊ, आमच्याकडं चिल्लर टाकायला येतात लोकं, घेऊन जाणारे कमीच. मंगळवारी दुपारून या, सकाळी नका येऊ.” तेव्हापासून मी मंगळवारीच जातो, तीन वाजताच्या आसपास, महिन्याचा पहिला आठवडा सोडून. खरं कारण सांगा, गोष्टी बनवू नका, एवढाच माझा सल्ला.

आणि मागताना एक वाक्य नक्की म्हणा: “नवीन नको, लोकांनी जमा केलेली द्या.” हे मला महागात शिकायला मिळालं. पहिल्यांदा मी मोठ्या हौसेनं दहाची दोन पाकिटं आणली, दोन हजार रुपये, घरी येऊन उघडली तर सगळीच्या सगळी चकाचक, एकच साल, एकच खूण, दोनशे नाणी एकासारखी एक. टांकसाळीतून आलेला ताजा माल होता तो. ज्याला नवं कोरं नाणं जमवायचं त्याच्यासाठी ठीक, पण शोधायचं त्यात काहीच नव्हतं. लोकांनी जमा केलेली पाकिटं मळकी असतात, हात काळे होतात, पण माल त्याच्यातच असतो. मंदिराच्या दानपेटीची चिल्लर ज्या शाखेत जमा होते तिथली पाकिटं सगळ्यात भारी, कारण दानपेटीत लोक घरात वर्षानुवर्षं पडलेली नाणीही टाकतात.

कोणतं पाकीट घ्यावं? नवख्यानं दोन रुपयाचंच घ्यावं. कारण आहे त्याचं. दोन रुपयाचं नाणं 2004 पर्यंत तांबं-निकेलचं होतं आणि 2005 पासून स्टीलचं. स्टीलचं चुंबकाला चिकटतं, तांबं-निकेलचं नाही चिकटत. म्हणून आमच्या घरी आता पद्धत ठरली आहे, पाकीट ओतलं की पोरगी फ्रिजवरचा मोठा चुंबक आणते आणि ढिगावरून हळूहळू फिरवते, नाणी टकटक करत उडून चिकटतात, गुच्छ झाला की ती झटकून बाजूच्या ताटात टाकते, परत फिरवते, आणि पाच मिनिटांत टेबलावर फक्त तीच नाणी उरतात जी हलली नाहीत. शंभरातली कधी दहा, कधी चार, एकदा तर चोवीस उरली होती. ती उरलेली म्हणजे 2005 च्या आधीची, अकरा कोनांची, रंगानं जराशी उबदार आणि हातात घेतली की स्टीलपेक्षा वेगळी लागणारी. बहुतेकांवर भारताचा नकाशा आणि झेंडा असतो, राष्ट्रीय एकतावाला, तो कॉमन आहे. पण त्याच्यातच स्मारक नाणी लपलेली असतात: 1996 चे सरदार पटेल, 1998 चे देशबंधू चित्तरंजन दास आणि श्री अरविंद, 2000 चं सुप्रीम कोर्ट, 2003 ची रेल्वेची दीडशे वर्षं.

रेल्वेचं नाणं आमच्या घरातलं लाडकं आहे. त्याच्यावर कंदील घेतलेला भोलू हत्ती आहे, रेल्वेचा शुभंकर. पोरगीनं पहिल्यांदा पाहिलं तर ओरडलीच, बाबा हत्ती आहे हत्ती. माझे वडील रेल्वेत होते, अजनीला, त्यांना नेऊन दाखवलं तर त्यांनी चष्मा काढून डोळ्याजवळ धरून बराच वेळ पाहिलं आणि मग शर्टाच्या खिशात ठेवून घेतलं. परत मागायची माझी हिंमत नाही झाली. नंतर अजून चार सापडले, म्हणून काही बिघडलं नाही.

आणि 1999 चं छत्रपती शिवाजी महाराजांचं दोन रुपयाचं नाणं. ते सापडलं त्या रात्री मी झोपलोच नाही नीट, खरं सांगतो. अकराव्या पाकिटात होतं, काळपट, काठाला जरासं मार लागलेलं, मी नकाशावालं समजून बाजूला सरकवूनही दिलं होतं, पोरगीनं उलटवलं. बाजारात त्याची किंमत काय हे मला कोणी विचारलं तर मी सांगत नाही, कारण मला ते विकायचंच नाही.

पाच रुपयाचं पाकीट दुसऱ्या नंबरवर. जुना पाचाचा ठोकळा, 1992 पासूनचा, 9 ग्रॅमचा, तांबं-निकेलचा, आता पाकिटात फार कमी दिसतो. नंतर 2007 च्या सुमारास स्टीलचा 6 ग्रॅमचा पातळ आला आणि 2009 पासून पिवळा निकेल-ब्रासचा. म्हणजे इथं रंग आणि चुंबक दोन्ही वापरायचं: पिवळा वेगळा, चिकटणारा वेगळा, आणि जो पांढरा असून चिकटत नाही तो नीट पाहायचा. लोकमान्य टिळकांच्या दीडशेव्या जयंतीचं पाचाचं नाणं दोन्ही धातूंत निघालं आहे, दिसायला एकच, चुंबकाशिवाय फरक कळणं कठीण. मला स्टीलचं मिळालं, दुसरं अजून शोधून राहिलो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सरकारनं काही नाणी परदेशातल्या टांकसाळींकडून पाडून आणली होती, त्यातल्या मॉस्कोच्या पाचाच्या नाण्यावर रशियन लिपीतली तीन बारीक अक्षरं असतात. ते माझ्या यादीत फार वरती आहे.

आता खुणांचं. नवख्या माणसाला सगळ्यात जास्त मजा इथं येते आणि लोक नेमकं हेच पाहत नाहीत. नाण्यावर सालाच्या खाली पाहा. बारीक चौकट म्हणजे हिरा दिसला तर मुंबई, पाच टोकांची चांदणी दिसली तर हैदराबाद, गोल टिंब दिसलं तर नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. बस, चार टांकसाळी आहेत आपल्या, एवढं पाठ झालं की एका साध्या रुपयाचेसुद्धा चार प्रकार होतात आणि प्रत्येक साल चारी खुणांत जमवायचं म्हटलं तर कामच पुरून उरतं. नागपुरात मला मुंबईचा हिरा आणि हैदराबादची चांदणी सगळ्यात जास्त दिसते, नोएडाचं टिंब त्यामानानं कमी. माझ्या अडतीस पाकिटांचा हिशोब आहे हा, दुसऱ्या भागात वेगळं असू शकतं.

चुकीची पडलेली नाणीही पाहायची. आपलं नाणं वर-खाली दोन बोटांत धरा आणि गरकन फिरवा, मागची बाजू सरळ दिसली पाहिजे. तिरपी किंवा उलटी दिसली तर साचा फिरलेला आहे, ते ठेवून द्या. मला एकच मिळालं, दोनाचं, थोडंसंच तिरपं, पण मिळालं.

सामान फार नको. 10 एक्सचं भिंग, चुंबक, कागदी टू बाय टू होल्डर (एकेक नाणं ठेवायची छोटी चौकट), वही. स्वस्तातले मऊ प्लास्टिकचे अल्बम घेऊ नका, वर्षा-दोन वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो, माझ्या मित्राचा अख्खा अल्बम असा खराब झालेला मी पाहिला आहे. आणि नाणी धुवू नका, चिंच नको, लिंबू नको, पितळ घासायची पावडर तर मुळीच नको. मळ असू द्या. घासलेल्या नाण्याला जाणकार हात लावत नाहीत.

आता तो कापलेला एक स्टार. परत करणं. आणायला सोपं, परत द्यायला जीव जातो. एका शाखेनं सांगितलं आज मोजायला माणूस नाही, दुसऱ्या शाखेनं सांगितलं हजाराच्या वर घेत नाही. हजाराची मर्यादा कायद्यात आहे ती व्यवहारात नाणी देण्याघेण्याची, रुपया आणि त्यावरच्या नाण्यांसाठी, बँकेत खात्यावर जमा करायला तशी मर्यादा नाही, रिझर्व्ह बँकेनंच हे स्पष्ट केलं आहे. पण काउंटरवर कायदा सांगून भांडण्यात अर्थ नसतो, मागे लाइन असते. मी दोन गोष्टी केल्या. एक, परत देताना शंभर-शंभरची पाकिटं स्वतः मोजून, बंद करून, वर आकडा लिहून नेतो, बँकेला तशीच सोपी जातात आणि मॅडमनी आजपर्यंत एकदाही परत पाठवलं नाही. दोन, जास्तीची चिल्लर कॉटन मार्केटात भाजीवाल्यांना देतो. त्यांना सकाळी सुट्ट्याची इतकी अडचण असते की मला पाहिलं की बोलावतात. एक मावशी तर दोनाची दोन पाकिटं दर आठवड्याला घेते आणि वरतून सांभाराची म्हणजे कोथिंबिरीची जुडी देते, नको म्हटलं तरी.

दहाच्या नाण्याचं मात्र अजून दुखणं आहे. काही दुकानदार आजही घेत नाहीत, नकली आहे म्हणतात, हे दहा रेघांचं चालते ते पंधरा रेघांचं नाही चालत असं काहीतरी. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी 2018 मध्ये सांगितलं होतं की तोवर निघालेल्या चौदाही डिझाइनची दहाची नाणी चालतात. तरी शोधायला दहाचं पाकीट आणत असाल तर परत कुठं द्यायचं ते आधी ठरवा, एका पाकिटात हजार रुपये अडकतात.

फोनवर जे येऊन राहते ना, वैष्णोदेवीचं नाणं द्या आणि लाखो रुपये घ्या, आधी टॅक्स भरा, कमिशन भरा, त्याच्या नादी लागू नका. 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेनं त्याच्यावर जाहीर इशाराही दिला होता की आम्ही असल्या व्यवहारात नाही आणि कोणाला कमिशन घ्यायचे अधिकारही दिले नाहीत. आमच्या शेजारच्या काकूंचे साडेतीन हजार गेले असेच. वैष्णोदेवीचं 2012 चं पाचाचं नाणं मला पाकिटातून पाच रुपयाला मिळालं.

माझं खरं शोधणं मात्र वेगळंच आहे. 1990 मध्ये बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचा एक रुपया निघाला होता, तांबं-निकेलचा. 2015 चं सव्वाशेव्या जयंतीचं दहाचं नाणं मला मिळालं, दोन मिळाली, एक आईनं देव्हाऱ्याशेजारी बाबासाहेबांच्या फोटोपुढं ठेवलं आहे. पण ती विचारते रुपयाचंच, कारण तिच्याकडं होतं ते, दीक्षाभूमीवरून परत येताना कोणीतरी सुट्टे म्हणून दिलं होतं आणि पुढं घर बदलताना हरवलं. रुपयाची नाणी 1992 पासून स्टीलची, म्हणून इथंही चुंबकच कामी येतो, जे चिकटणार नाही ते जुनं. आतापर्यंत रुपयाची नऊ पाकिटं झाली, न चिकटणारी सहा निघाली, त्यात ते नव्हतं. या मंगळवारी मॅडमना रुपयाची पाच पाकिटं बाजूला ठेवायला सांगितली आहेत. कोणाला नागपुरात अशी शाखा माहीत असेल जिथं विहारातली किंवा मंदिरातली चिल्लर जमा होते तर कृपा करून खाली लिहा, मी तिथंही जाऊन विचारीन.