खाणीच्या पाण्यावरची ऊब: गेट्सहेडच्या सेवेचा अनुभव

बंद कोळसा खाणींतील उष्णता हा माझ्या संशोधनाचा विषय असल्याने ईशान्य इंग्लंडमधील गेट्सहेडची उष्णता पुरवठा सेवा मी ऐन जानेवारीत अनुभवली. टाइन नदीकाठच्या ग्लासहाउस या संगीत केंद्रात शिरताच हातमोजे काढून ठेवले आणि ओला कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला. ऊब सगळीकडे एकसारखी होती, कुठे चटका नाही की कुठे गारठा नाही.

२०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत सुमारे १५० मीटर खोलीवरच्या, पाण्याने भरलेल्या जुन्या खाणींतून अवघ्या १५ अंश सेल्सिअसचे पाणी उपसले जाते, ६ मेगावॉट क्षमतेचा उष्मापंप त्यातील उष्णता काढून अधिक तापमानावर नळांच्या जाळ्यात सोडतो आणि निवलेले पाणी पुन्हा खाणीत जाते. हाताला गारच लागेल अशा पाण्यावर सुमारे ३५० घरे तापवता येतात, हे मला आजही विलक्षण वाटते.

मात्र पंपाला वीज लागते, त्यामुळे या उष्णतेला फुकटची म्हणणे योग्य नाही. खनिकांनी पिढ्यान्‌पिढ्या खणलेल्या पोकळ्यांचा इतका चांगला उपयोग मी अन्यत्र पाहिलेला नाही. अभ्यासकांनी येथे हिवाळ्यातच यावे.