छाती उघडून की दुर्बिणीतून? अन्ननलिकेच्या ऑपरेशनआधी

नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत फाइल घेऊन फिरणाऱ्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला : "दुर्बिणीने होईल ना?" छेद लहान म्हणजे ऑपरेशनही लहान, असा त्यामागचा समज. अन्ननलिकेच्या कॅन्सरला तो लागू नाही. दोन्ही पद्धतींत आतलं काम तेच असतं. गाठीसकट अन्ननलिकेचा मोठा भाग आणि आजूबाजूच्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) काढायच्या, जठराची नळी करून वर ओढायची आणि छातीत किंवा मानेत जोडायची. फरक आत शिरण्याच्या वाटेत आहे.

ओपनमध्ये, म्हणजे छाती उघडून करताना, उजवीकडच्या बरगड्या फाकवतात. नंतर श्वास घेतला तरी दुखतं, मग माणूस खोकत नाही, कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. आयुष्यभर बिडी ओढलेल्या माणसाला हे फार महागात पडतं. दुर्बिणीत बरगड्या वाचतात. युरोपातल्या ११५ रुग्णांवरच्या 'टाइम' चाचणीत (२०१२) पहिल्या दोन आठवड्यांत फुफ्फुसाचा संसर्ग ओपनमध्ये २९ टक्के रुग्णांना झाला, दुर्बिणीत ९ टक्क्यांना. मुक्काम १४ दिवसांऐवजी ११.

मधली वाटही आहे : पोटाचं काम दुर्बिणीने, छाती मात्र उघडून. फ्रान्समधल्या 'मिरो' चाचणीत (२०१९) एवढ्यानेही मोठ्या गुंतागुंती ६४ टक्क्यांवरून ३६ वर आल्या. आणि रोबोट? तीही दुर्बीणच, फक्त हत्यारं यंत्राच्या हातात आणि यंत्र सर्जनच्या.

दुर्बिणीने कॅन्सर आत राहून जातो, ही भीती नको. दुर्बिणीने तो जास्त बरा होतो, ही जाहिरातही नको. 'टाइम'मध्ये तीन वर्षांनंतरच्या जगण्यात ठोस फरक निघाला नाही. जोड गळण्याचा धोका दोन्हीकडे आहे.

जुना टीबी असेल तर आधीच सांगा. फुफ्फुस छातीला चिकटलेलं असलं की दुर्बिणीला जागाच मिळत नाही. ऐनवेळी छाती उघडावी लागली, तर तो सर्जनचा शहाणपणा समजा.

माझं मत विचाराल, तर दोन्ही पद्धतींत हात बसलेली टीम मिळत असेल तर दुर्बीण घ्यावी. पण ओपनमध्ये मुरलेला सर्जन सोडून दुर्बीण नुकती शिकलेल्याकडे जाऊ नये. मानेवाडा रोडचं तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल असो, जामठ्याचं कॅन्सर इन्स्टिट्यूट असो की सरकारी मेडिकल कॉलेज, थेट विचारा : वर्षाला अन्ननलिकेची किती ऑपरेशनं करता? त्यातली दुर्बिणीने किती? किती जणांचा जोड गळला? महात्मा फुले योजनेत काय बसतं आणि स्टेपलरचा (आतला जोड टाचणाऱ्या हत्याराचा) खर्च कोणाकडे, हेही त्याच बैठकीत. आकडे सांगायला कुरकुर करणाऱ्याकडून उठून यायला हरकत नाही.

बऱ्याच जणांना आधी केमो-रेडिएशन असतं, म्हणजे हाताशी काही आठवडे असतात. तेवढ्यात खर्रा (तंबाखू-सुपारी) आणि बिडी बंद, आणि श्वास ओढून तीन चेंडू वर नेण्याचं ते प्लास्टिकचं यंत्र रोज हातात.